सरांच्या मोरपंखी सुया

हवेला घाबरतं का कोणी? आमचे सर घाबरत. साप, पाल, आग, साहेब यांना घाबरणारी माणसं सगळीकडेच असतात. माझे बाबा रेल्वेत आयुष्यभर रुळांवर वावरले, आणि घरात झुरळ दिसलं की पलंगावर चढतात. पण सर लॅबचं दार उघडून आधी चौकटीतच थांबत आणि आतल्या हवेकडे संशयाने बघत. "हवा चोर आहे," ते म्हणत. "तुले दिसत नाई म्हून तू बिनधास्त आहे. आपला माल नेते ना ती!"

भिलाईत माल म्हटलं की लोकांना लोखंड आठवतं. आमचा माल चिमूटभर असायचा. सर इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. आमचं काम कार्बनच्या कड्यांचं. सहा कार्बनची एक कडी, तिला चिकटून दुसरी, तिला तिसरी, अशी साखळी करत जायची. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे शिकवताना सर खिशातून डांबरगोळी काढायचे आणि बाकांवरून फिरवायचे. "सूंघो. इसमें दो रिंग हैं." मग म्हणायचे, आपल्या स्टील प्लांटच्या कोक ओव्हनच्या भट्टीत कोळशातून जे डांबर निघतं त्यात हे सापडतं, आणि तीन कड्यांचंही सापडतं. चार कड्यांचं नारिंगी दिसतं. पाच कड्यांचं निळं. कड्या वाढल्या की रंग गडद होतो आणि आतून वीज वाहायची शक्यता वाढते. प्लास्टिकसारखा वाकणारा पडदा, कागदावर छापलेलं सर्किट, अशा गोष्टी त्यातून होऊ शकतात. पण कड्या वाढल्या की पदार्थ नाजूकही होतो. जरा उजेड, जरा हवा, आणि रंग उडून जातो. "जितल्या कड्या जास्ती, तितला जीव कमी," सर पोरांना सांगायचे, आणि सांगताना त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरायचा.

म्हणून लॅबच्या खिडक्यांना काळा कागद होता. आत लाल बल्ब. नायट्रोजनच्या सिलिंडरला सर रोज सकाळी हात लावून बघत, आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा. कुलूप लावल्यावर ते ओढून बघत, पायऱ्या उतरत, परत चढत, पुन्हा ओढत. मी खाली उन्हात उभी. "सर, लागलं आहे कुलूप." "मले मालूम आहे लागलं आहे. पण समज, नसन लागलं तर?"

हे 'समज' त्यांच्या प्रत्येक वाक्यात असायचं. समज, लाइट गेली तर? समज, नळी फुटली तर? समज, परीक्षक सनकी निघाला तर? मी चिडायचे. मी चिडकी आहेच, आई म्हणते नाकावर राग घेऊनच जन्मली. पण सरांच्या 'समज'चं उत्तर कोणापाशीच नसायचं, कारण लाइट खरंच जायची आणि नळी खरंच फुटायची.

'झालं' हा शब्द तर लॅबमध्ये बंद होता. एकदा मी भट्टीतून नळी काढली आणि आनंदाने ओरडले, "सर, झालं!" सर असे दचकले की हातातला चहा शर्टावर. "झालं म्हणू नको, बाप्पा! होऊन राहिलं म्हण. झालं म्हटलं की ते बिघडते." विज्ञानाचा माणूस, डॉक्टरेट घेतलेला, आणि हे असं! मी घरी नक्कल करून दाखवली तर बाबा हसले नाहीत. म्हणाले, "बराबर आहे त्याइचं. आमच्या यार्डातही गाडी लागल्याबिगर कोणी 'लागली' म्हणत नाई." दोघे घाबरट एकमेकांची बाजू घेतात हे मला तेव्हा कळलं.

सर एकदाच आमच्या घरी जेवायला आले, चरोद्याला, रेल्वे क्वार्टरमध्ये. आईने सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. सर स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून आधी गॅसच्या नळीकडे बघत बसले. "वहिनी, ही नळी कधी बदलली?" आईला वाटलं साहेब कौतुकाने विचारतात, तिने सांगितलं, आमच्या मोठीच्या लग्नात. मोठी म्हणजे माझी ताई, आणि तिचं पोरगं तेव्हा शाळेत जात होतं. सरांनी सांबारवडी खाल्ली, छान आहे म्हणाले, पण त्यांचं अर्धं लक्ष त्या नळीत होतं. दुसऱ्या दिवशी नवी नळी घेऊन सर स्कूटरवर हजर. स्वतः बसवली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं, आणि पाणीही न पिता गेले. आई अजून ती गोष्ट सांगते आणि डोळे पुसते. मला तेव्हा लाज वाटली होती. आता वाटत नाही.

आता त्या सुयांची गोष्ट.

आमचा पदार्थ पाच कड्यांचा होता आणि मधल्या कडीला दोन बाजूंनी दोन शेपट्या लावलेल्या. या शेपट्यांमुळे तो हवेत जरा टिकायचा, उजेडात मात्र नाही. माझ्या तिसऱ्या वर्षात तो पहिल्यांदा नीट जमला. द्रावण अंधाऱ्या कपाटात ठेवलं होतं, सकाळी कपाट उघडलं तर तळाशी सुया. मोरपंखी रंगाच्या, बारीक, लांब, हलवलं की चमकणाऱ्या. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट हाताने केलेली नव्हती. सर वाकून बघत राहिले. त्यांनी श्वासही बाजूला वळून सोडला.

त्या सुया आम्ही एका मोठ्या संस्थेत मोजायला पाठवल्या. तिथून उत्तर आलं की त्यांच्यातून वीज अशी वाहते की त्यांनी पुन्हापुन्हा मोजून बघितलं. मी नाचले. सर खुर्चीत बसून राहिले. "सर, आनंद नाही झाला?" "झाला ना. म्हूनच तर डर लागून राहिला."

माझा सगळा प्रबंध त्या आकड्यांवर उभा राहिला. बाकीची प्रकरणं होती, पण ती भाजीतल्या कोथिंबिरीसारखी. मुख्य भाजी म्हणजे त्या सुया.

आणि मग एका सकाळी कपाट उघडलं तर सुया नव्हत्या. तपकिरी पापुद्रे होते, मळकट, कांद्याच्या सालीसारखे. तोच पदार्थ, तीच कृती. तपासलं तर रेणूही तोच, एक अणू इकडचा तिकडे नाही. फक्त रचना वेगळी. मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून रचल्या तर उंच खांब होतो, आणि अशाच कुठेही टाकल्या तर ढीग, खुर्च्या त्याच. सुयांमध्ये रेणू एकावर एक नीट रचलेले होते म्हणून वीज वाहायची. पापुद्र्यांत त्यांचा ढीग होता. वीज जवळजवळ नाहीच.

पुन्हा केलं. पापुद्रे. द्रावक बदललं, भांडी बदलली, थंड जागी ठेवलं, गरम जागी ठेवलं. पापुद्रे. जुन्या सुयांची उरलेली चिमूट एका कुपीत होती. ती बघायला काढली तर तीही तपकिरी झालेली. तेव्हा मी बाहेर जिन्यात बसून रडले.

सरांनी पुस्तकं काढली, जुने लेख काढले, आणि एक दिवस मला समोर बसवून हळू आवाजात सांगितलं, जसं डॉक्टर घरच्यांना सांगतात. काही पदार्थांचं असं होतं, म्हणाले. आधी एक रूप येतं. मग कधीतरी दुसरं, जास्त स्थिर रूप चुकून तयार होतं. त्याचे डोळ्याला न दिसणारे कण हवेत उडतात, कपड्यांवर बसतात, केसांत बसतात. पुढच्या वेळी द्रावणात त्यातला एक कण जरी पडला तरी सगळा पदार्थ त्याच्यामागे जातो. विरजणासारखं. मग त्या लॅबमध्ये पहिलं रूप परत येत नाही. "कधीच?" मी विचारलं. सरांनी पुस्तक मिटलं.

त्या दिवसापासून आधीच घाबरट असलेल्या माणसाचं काय झालं ते विचारू नका. लॅबच्या भिंती धुतल्या. खिडक्यांचे काळे कागद काढून जाळले, नवे लावले. हिवाळ्यात स्वेटर घालून यायचं नाही असा हुकूम, कारण लोकरीत कण बसतात. मी वेणी घालून टोपी घालायची. ते स्वतः दारात कपडे झटकत, मग म्हणत, झटकल्यानं तर आणखी उडलं असन, आणि घरी अंघोळीला जात. कॉलेजातले इतर प्राध्यापक त्यांना बघून वाट बदलायचे आणि नंतर पाठीमागे हसायचे. एक दिवस मी कॉरिडॉरमध्ये ऐकलं, "सुइयाँ कभी थीं भी?" म्हणजे आम्ही आकडे जुळवले असं. सरांनीही ते ऐकलं होतं. ते माझ्या पुढेच चालत होते. त्यांची चाल फक्त जरा हळू झाली.

प्रबंध आम्ही दिला. बाहेरच्या परीक्षकाने सगळं वाचून एकच गोष्ट मागितली. या सुया पुन्हा करून पाठवा, त्या मोजल्या गेल्या आणि आकडे जुळले तर पुढे जाऊ. यात त्याचं काही चुकलं नाही. मीही तेच मागितलं असतं. पण मी हात टेकले होते. इतक्या वर्षांचं काम, घरात रेल्वेबाहेरचं शिकलेल्या मी आणि ताई दोघीच, बाबा सगळ्या यार्डात सांगून बसलेले की पोरगी डॉक्टर होणार. आणि नाही झाल्या सुया तर मी नुसती नापास नव्हे, मी खोटारडी.

"आपल्या लॅबमधे होणार नाई," सर म्हणाले. "भिलाईतच होणार नाई. आपण जिथं जिथं गेलो तिथं तिथं ते नेलं. असं ठिकाण पायजे जिथं हे कधी पोचलंच नाई. आन् असा माणूस पायजे."

"असा माणूस कुठे मिळणार सर?"

त्यांनी बराच विचार केलेला दिसत होता. "तुझी बहीण कुम्हारीले शिकवते ना?"

ताई कुम्हारीच्या एका शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. भिलाई आणि रायपूरच्या मधलं गाव, हायवेवर, बसने पोचायला वेळ लागत नाही. शाळेत छोटी लॅब आहे, हवा ओढून घेणारं कपाट आहे, तराजू आहे. माझ्या मनात आशा हलली. पण सरांची उलटतपासणी सुरू झाली.

"तू तिच्या शाळेत गेली कधी?"

"नाही."

"घरी?"

"संक्रांतीला गेली होती. हळदीकुंकवाला."

"कोणता ड्रेस घालून?"

"सर, मला काय आठवते! पिवळा असेल."

"लॅबमधे घातला होता कधी?"

"घातला असेल."

"तिच्या गळ्यात पडली का?"

"बहिणी आहोत आम्ही, पडणारच ना!"

सरांनी कपाळाला हात लावला. "घात केला."

शेवटी असं ठरलं की घर बाद, पण शाळा चालेल. ताईने शाळेत जाताना आधी डोक्यावरून अंघोळ करायची, धुवून उन्हात वाळवलेले कपडे घालायचे, कोट नवा घ्यायचा आणि तो शाळेतच ठेवायचा. भांडी पावर हाउसच्या बाजारातल्या दुकानातून आणायची होती, पण तिथे आम्ही नेहमी जायचो, दुकानदार आम्हाला ओळखायचा. म्हणून ताईने रायपूरहून आणली. सरांचा एक जुना विद्यार्थी नागपूरला होता, पापुद्रे यायच्या कितीतरी आधी भिलाई सोडून गेलेला. त्याने शेवटच्या पायरीच्या आधीचा पदार्थ तयार करून थेट ताईच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवला, आमचा हातही लागू दिला नाही. शेवटची पायरी सोपी होती; ती ताई करणार. आणि मी ताईला भेटायचं नाही. सुया येईपर्यंत नाही.

ताईला हे फोनवर सांगितलं तर ती आधी हसत सुटली. "म्हणजे मी सोवळ्यात आणि तू विटाळशी!"

"ताई, थट्टा नको करू. माझा जीव टांगणीला लागला आहे."

"अगं, करते मी. पण माझ्या सासूला काय सांगू? ती विचारून राहिली, धाकटी कावून येत नाई, रुसली का?"

"सांग रुसली म्हणून."

तर मी रुसलेली राहिले. ताईचं पोरगं शाळेत पहिलं आलं, पेढे वाटले, मी गेले नाही. तिला ताप आला, मी गेले नाही. सर रोज विचारत, "भेटली तर नाई ना?" आणि मी नाही म्हटलं की मान खाली घालून म्हणत, "वाईट वाटते मले. पण समज, एक कण..."

मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या आहेत, खोटं कशाला सांगू. कधी वाटायचं हे कण-बिण सगळं सरांच्या डोक्यातलं आहे, आम्ही कुठेतरी साधी चूक करतो आहोत आणि हा माणूस मला वेड्यासारखं टोप्या घालायला लावतो आहे. आजही मला छातीठोक सांगता येणार नाही की सगळं खरं होतं. पण दुसरा रस्ता नव्हता.

ताईने शनिवारी शाळा सुटल्यावर शेवटची पायरी केली. मी फोनवर, सर माझ्या बाजूला, फोनपासूनही जरा लांब, जणू काय कण तारेतून जातात. ताईने द्रावण गाळलं, झाकणाच्या काचेच्या डबीत ओतलं, झाकण जरा फटीवर ठेवलं आणि कपाट बंद केलं. "आता?" तिने विचारलं. "आता कोणी हात लावू नका," सर म्हणाले. "कपाटापाशी जोरात चालूही नका. उद्या दुपारी उघडजा." आणि मला म्हणाले, "उद्या आपण दोघंही घरी राहू. कुम्हारीच्या दिशेले पाहाचंही नाई."

रविवारी मी सकाळपासून घरात फिरत होते. आई म्हणाली, बस कुठेतरी, जमिनीला छिद्र पाडशील. दुपारी मला राहवेना. आत जायचं नाही, नुसतं हायवेवर लांब उभं राहायचं, असं स्वतःला समजावून मी बसमध्ये चढले. शाळेपासून बऱ्याच अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे, एक चहाची टपरी आहे. तिथे उतरले तर बाकावर एक माणूस बसलेला. डोकं तुळतुळीत, मिशा नाहीत, अंगात घडी न मोडलेला पांढरा सदरा. मी त्याच्यापुढून दोन पावलं निघून गेले आणि मग थांबले.

"सर?"

सर उठून उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे. "तू कावून आली?"

"तुम्ही कावून आले?"

मी त्यांच्या डोक्याकडे बघत होते. इतकी वर्षं बघितलेल्या त्या दाट मिशा! "केसांत बसते ना," ते खजील होऊन म्हणाले. "धुतल्यानं जाते का नाई, कोणाले मालूम. म्हून काढूनच टाकले. अंगावरचं सगळं नवं आहे. चप्पलही."

टपरीवाला चहा घेऊन आला. त्याने सरांचं डोकं बघितलं, मिशी नाही ते बघितलं, आणि गंभीर होऊन हात जोडले. आमच्याकडे आई-बाप गेल्यावरच माणूस असा दिसतो. "कौन शांत हो गए, बाबूजी?"

सर एकदम म्हणाले, "अभी तक कोई नहीं."

टपरीवाला बिचारा बघतच राहिला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू यायला लागलं, आणि दोन्ही थांबेना. सर माझ्याकडे घाबरून बघत होते. "रडू नको. समज, आल्या तर?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं 'समज' चांगल्या बाजूला गेलं होतं, आणि ते म्हणून झाल्यावर ते स्वतःच दचकले आणि बाकाच्या लाकडावर बोटाने तीनदा वाजवलं.

ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकला सर डोळे मिटत, कारण जमीन हलते, जमीन हलली की कपाट हलतं. चहा निवून गेला. मी म्हटलं, "सर, नाही आल्या तर?" हा प्रश्न नेहमी त्यांचा, त्या दिवशी माझ्या तोंडून निघाला. सर म्हणाले, "नाई आल्या तर मी त्या परीक्षकाले जाऊन सांगीन, पोरीनं खरं केलं होतं, मी पाहिलं होतं. तो मानणार नाई. मी पुन्हा जाईन. तो मानेपर्यंत जाईन. दुसरं काय आहे माझ्याजवळ?"

हे बोलताना त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. तेवढं एकच बोलणं मी त्यांच्या तोंडून न कापता ऐकलं आहे.

फोन वाजला. ताई. माझ्या हातातल्या फोनचं बटण सरांनीच दाबलं आणि आवाज मोठा केला.

"उघडलं मी," ताई म्हणाली. तिला धाप लागली होती.

"रंग?" सर म्हणाले. "ताई, आधी रंग सांगा. तपकिरी आहे का?"

"अरे यार, कसला तपकिरी! मोराच्या गळ्यासारखा आहे! सुयाच सुया, तळ दिसत नाही! तू कुठे आहेस गं? मागून ट्रकचा आवाज येतो. तू इथेच आली आहेस ना? मला माहीत होतं, घरी बसवणारच नाही तुला!"

"ताई, थांब..."

फोन बंद. आणि शाळेचं फाटक उघडून माझी बहीण रस्त्यावर आली. नवा कोट, ओले केस, हातात झाकण लावलेली काचेची डबी, तिला उजेड लागू नये म्हणून वरून पदर धरलेला. किती महिने तिने मला बघितलं नव्हतं. तिने इकडे तिकडे बघितलं, पलीकडच्या टपरीवर मी दिसले, आणि ती डबी उंच धरून रस्ता ओलांडून आमच्याकडे धावत सुटली. "आल्या गं! बघ, बघ तुझ्या सुया!"

मी जागची हलले नाही. खरं सांगते, मला सुया नव्हत्या दिसत, ताई दिसत होती. माझे हात आपोआप पसरले.

आणि माझ्या बाजूला सर ओरडले, "नाई! येऊ नका! मागं व्हा!" त्यांनी माझा दंड धरला, मला बाकापासून ओढलं, आणि पळायला लागले. साठीला आलेला, गुडघे दुखणारा, मुंडण केलेला माणूस, नव्या चपला पायातून निसटलेल्या, अनवाणी, हायवेच्या कडेने, भर उन्हात, ज्या गोष्टीसाठी झोप गेली, मिशी गेली, इज्जत गेली, तिच्यापासून लांब पळत होता. मला मागे खेचत होता आणि मागे वळून हात हलवत होता. "घेऊन जा! आत घेऊन जा, बाई! उजेड लागंन! आमच्या अंगावर आहे, आमच्या अंगावर!" टपरीवाला हातात किटली धरून उभा. एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. ताई रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर थांबली, तिला आधी कळेना, मग कळलं; तिने डबी पदरात लपवली, छातीशी धरली, आणि तिथेच उभी राहून रडायला लागली.

बरंच पुढे जाऊन सर एका कडुनिंबाखाली थांबले. छाती भात्यासारखी चाललेली. माझा दंड सोडला नव्हता. इतक्या लांबून डबी काय, ताईचा चेहराही दिसत नव्हता. "मोरपंखी म्हणाल्या ना त्या?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मोराच्या गळ्यासारखा म्हणाल्या ना?" हो सर. त्यांनी मान हलवली आणि झाडाला टेकून खाली बसले, पायाला खडी लागून रक्त येत होतं ते त्यांना कळलंच नव्हतं.

ताईने दुसऱ्याच दिवशी डबी तशीच सीलबंद करून थेट संस्थेकडे रवाना केली. आकडे जुळले. मी डॉक्टर झाले, बाबांनी यार्डात पेढे वाटले. सरांना त्या सुया मात्र बघायला मिळाल्या नाहीत. मोजणीत त्या संपल्या, आणि त्यांनी त्या मागितल्याही नाहीत. संकटात माझ्यासाठी धावत आलेली माणसं देवाच्या दयेने पुष्कळ आहेत. माझ्यासाठी धावत लांब गेले ते फक्त आमचे सर.